एकाच वेलीवर दोन हंगाम : एका छोट्या वाइनरीच्या काढणीचा प्रकरण अभ्यास

१६ सप्टेंबरच्या दुपारी मी नोंदवहीत एक आकडा लिहिला : २०.८ ब्रिक्स. खालच्या तुकड्यातल्या द्राक्षांच्या रसाची ती गोडी होती, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर. काढणी २२.५ ला करायची असं ठरलेलं होतं. गोडी दिवसाला पाव अंशाच्या आसपास चढत होती, म्हणजे अजून आठवडाभर थांबायला हरकत नव्हती. मी तसं सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. नमुना काळजीनं घेतलेला होता, गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला आणलेला होता, हिशेबातही चूक नव्हती. पण २०.८ ब्रिक्सचा घड त्या तुकड्यात शोधूनही सापडला नसता.

असं का झालं, ते वेळेत कसं लक्षात आलं आणि मग काय केलं, त्याची ही नोंद आहे. ज्या वाइनरीत मी दोन हंगाम नमुने घेण्याचं आणि वही ठेवण्याचं काम केलं, तिथलं हे प्रकरण आहे. खालचे आकडे त्याच वहीतले.

बाग अशी होती

एकूण २.४ हेक्टर, सगळी पिनो न्वार या लाल वाइनच्या द्राक्षाची. मुलूख उत्तर गोलार्धातला, समशीतोष्ण, जिथं वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वर्षाला एकच पीक देते. बागेचे दोन तुकडे. वरचा १.५ हेक्टर, उतारावर, सतत वाऱ्यावर. खालचा ०.९ हेक्टर, उतार संपतो त्या खोलगट जागी, आणि त्याच्याही खालच्या अंगाला झाडांची दाट रांग. चांगल्या वर्षी हेक्टरी पाच टन माल निघायचा. कायमची माणसं सहा : मालकीण, वाइनमेकर, मी आणि बागेतले तिघं. काढणीला आम्ही सहाही जण कात्री घेऊन ओळीत उतरायचो.

पिनो न्वार ही लवकर फुटणारी, म्हणजे वसंतात लवकर पालवी धरणारी जात. तिचा घड लहान आणि गच्च, मण्याची साल पातळ. या तिन्ही गोष्टी या प्रकरणात एकेक करून आडव्या आल्या.

जानेवारीतली चूक

हंगामाची गोष्ट लोक फुटीपासून सुरू करतात. मी छाटणीपासून करतो, कारण पहिली चूक तिथं झाली.

खालचा तुकडा अवजारांच्या शेडला लागून आहे. त्यामुळे जानेवारीच्या शेवटी छाटणी नेहमी तिथूनच सुरू व्हायची आणि मार्चमध्ये वर संपायची. सोयीची पद्धत, वर्षानुवर्षांची. पण लवकर छाटलेली वेल साधारणपणे लवकर फुटते आणि उशिरा छाटलेली उशिरा. म्हणजे ज्या तुकड्यात थंड हवा साचते, त्यालाच आम्ही दर वर्षी सगळ्यात आधी जागं करत होतो. जुन्या काळी ते खपूनही गेलं असेल. आता वसंत ऋतू लवकर येतो. फ्रान्समधल्या बोन या गावच्या काढणीच्या तारखांची मालिका थेट १३५४ पर्यंत मागं नेलेली आहे, आणि तिच्यात १९८८ नंतरची काढणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस अलीकडे आलेली दिसते. काढणी अलीकडे येते ती फूट अलीकडे आल्यामुळेही. फूट आधी निघते, आणि एप्रिलची एखादी गोठवणारी रात्र मात्र आपल्या जागी तशीच उभी असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभरच्या बागांची अशीच दैना झाली : मार्चच्या अखेरीस ऊन, त्यानं डोळे फुटले, आणि पाठोपाठ फ्रॉस्ट, म्हणजे कोवळी फूट गोठवणारी थंडी.

आमच्याकडे खालचा तुकडा ९ एप्रिलला फुटला. वरचा त्यानंतर आठ दिवसांनी.

२३ एप्रिलची पहाट

आभाळ निरभ्र, वारा शून्य. अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, जमिनीलगतची हवा गार होते, जड होते, आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते. खाली झाडांची रांग बांधासारखी आडवी. थंड हवा तिथं अडली आणि खालचा तुकडा तिनं भरला.

शेडच्या भिंतीवर, डोक्याच्या वर लावलेला तापमापक पहाटे साडेतीनला अधिक ०.५ अंश सेल्सिअस दाखवत होता. सगळ्यात खालच्या ओळीत, ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, उंचीवर बांधलेला दुसरा तापमापक होता, पण तो पाहायला कुणी गेलं नाही. पाच वाजता मी गेलो तेव्हा तिथं उणे २.६ होतं. झोपलेला डोळा भर हिवाळ्यात उणे १५ सुद्धा सोसतो. पहिलं पान उघडलेली फूट मात्र उणे २ च्या आसपासच दगावते.

अशा रात्री ओळींत ऊब ठेवायला लावायच्या मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या १२० होत्या. हेक्टरी तीन-चारशे लागतात, म्हणजे आमच्या मेणबत्त्या जेमतेम एक तृतीयांश हेक्टरला पुरणार. त्या पेटवायलाही उशीर झाला, कारण आम्ही शेडचा तापमापक पाहत बसलो होतो. ज्या ओळींत त्या लागल्या, तिथल्या बऱ्याच फुटी वाचल्या. दुपारपर्यंत बाकीच्या ओळींत कोवळी फूट काळपट तपकिरी होऊन लोंबायला लागली. ती पाहणं फार वाईट असतं. मालकीणबाई त्या दिवशी ओळींच्या कडेनंच चालल्या, आत शिरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीस वेली निवडून फुटी मोजल्या. शंभरातल्या ६२ मेलेल्या. वरच्या तुकड्यात रात्रीचं किमान तापमान अधिक ०.८ होतं. तिथं एका पानालाही इजा नव्हती.

दुसरी फूट

द्राक्षाचा डोळा एक दिसला तरी त्यात तीन असतात. मधला मुख्य, त्याला लागून दुय्यम, आणि मग तिसरा. मुख्य डोळ्याची फूट मेली की दुय्यम डोळा उठतो. वेलीनं स्वतःसाठी राखून ठेवलेली ती ठेव. पण तिच्यात फळ कमी असतं. घड किती लागणार हे त्या डोळ्यात आदल्या उन्हाळ्यातच ठरलेलं असतं, आणि मुख्य डोळ्याच्या वाट्याला त्यातला मोठा भाग आलेला असतो. आमच्या वाचलेल्या फुटींवर सरासरी १.८ घड होते, वजनानं ११० ग्रॅमच्या आसपास. दुय्यम फुटींवर एकेकच घड, तोही ७५ ग्रॅमचा.

आता या दोन प्रकारच्या फुटी वेगवेगळ्या वेलींवर असत्या तर काम सोपं होतं. त्या एकाच वेलीवर, एकाच ओलांड्यावर, वीतभर अंतरावर होत्या. वाचलेली फूट जूनच्या ११ तारखेच्या सुमारास फुलोऱ्यात आली, दुय्यम फूट २७ च्या सुमारास. सोळा दिवसांचं अंतर. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत शंभर दिवस हा जुना ढोबळ हिशेब धरला, तर एका घडाची तारीख १९ सप्टेंबर आणि शेजारच्या घडाची ५ ऑक्टोबर.

फवारणीचं वेळापत्रकही यामुळे विस्कटलं. डावनी रोगासाठी बागायतदारांचा तीन दहांचा ठोकताळा असतो : दहा मिलिमीटर पाऊस, दहा अंश तापमान, दहा सेंटिमीटरची फूट, हे जुळून आलं की पहिल्या संसर्गाचा धोका सुरू झाला असं समजायचं. जूनच्या पावसात मुख्य फुटींची पानं बऱ्यापैकी निबर झाली होती, पण दुय्यम फुटींची अगदी कोवळी, रोगाला आयतीच. त्यामुळे बोर्डो मिश्रणाचे दोन हात जास्त द्यावे लागले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८५ मध्ये या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा उपयोग जगापुढं मांडला आणि आजही ते चालतं, पण तांबं जमिनीत साचत जातं. त्यामुळे प्रत्येक जादा फवारणीला मालकीणबाई कुरकुरायच्या, आणि त्यांचं बरोबर होतं. भुरी रोगासाठी गंधक नेहमीसारखंच पडलं. रोगाच्या बाबतीत हा हंगाम निभावला, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

पंधरा दिवसांची खिडकी

ऑगस्टच्या १२ तारखेला वाचलेल्या घडांत पाणी उतरायला लागलं. हिरवा कडक मणी मऊ होतो आणि जांभळा रंग धरतो. तिथून मण्यात साखर चढते, द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होत जातं, टार्टारिक बरंचसं टिकतं. दुय्यम घडांत पाणी उतरलं २८ च्या सुमारास.

या दोन तारखांच्या मध्ये जो काळ जातो, तेवढ्याच काळात कोणता घड पुढचा आणि कोणता मागचा हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. काळा तो पुढचा, हिरवा तो मागचा. सप्टेंबर उजाडला की सगळेच काळे. मागचा घडही तेवढाच काळाभोर दिसतो आणि हातात घेतला तरी चटकन ओळखू येत नाही.

वाइनमेकरचं म्हणणं होतं की हिरवे घड आत्ताच उतरवून टाकावेत. अशी हिरवी विरळणी या टप्प्यावर करतातच. मालकीणबाईंनी नकार दिला. ४.५ टनांच्या जागी जेमतेम पावणेतीन टन माल दिसत होता, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा आपल्या हातानं जमिनीवर टाकायचा? मला त्यांचा नकार तेव्हाही समजला आणि आजही समजतो. पण निदान हिरव्या घडांना खूण करावी, असं बागेतल्या सगळ्यात जुन्या माणसानं सुचवलं. एका जुन्या मोठ्या बागेत त्यानं तसं केलेलं पाहिलं होतं. सगळा तुकडा शक्य नव्हता. त्यानं आणि मी मिळून सहा ओळी केल्या. प्रत्येक हिरव्या घडाच्या काडीला लाल फीत. काम कंटाळवाणं होतं, दीड दिवस गेला, आणि त्याचा नेमका काय उपयोग होणार हे तेव्हा आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

एक नमुना, मग दोन

नमुना घेण्याची माझी पद्धत पुस्तकी होती. दोनशे मणी. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यावरून, मधून आणि टोकाकडून, आणि तोडताना मण्याकडे न बघता, कारण बघितलं की हात आपोआप पिकल्या मण्याकडे जातो. सगळे एका पिशवीत चिरडायचे, गाळायचे, मोजायचं. १६ सप्टेंबरला आलेले आकडे : २०.८ ब्रिक्स, सामू (पीएच) ३.२८, एकूण आम्लता लिटरला ८.६ ग्रॅम.

त्याच संध्याकाळी हवामानाचा अंदाज आला. २१ च्या रात्रीपासून दोन दिवस सततचा पाऊस.

रात्री वहीत मागचे आकडे चाळताना मला एक गोष्ट खटकली. गोडी २०.८, पण आम्लता ८.६. आधीच्या चार वर्षांच्या नोंदींत २०.८ ला आम्लता कधीच एवढी चढी नव्हती. शिवाय चार दिवसांपूर्वी मी घाईत शंभरच मणी घेतले होते, तेव्हा गोडी त्याच्या आदल्या नमुन्यापेक्षा कमी आली होती. द्राक्ष उलट पिकत नाही. त्या दिवशी माझ्या मुठीत मागच्या घडांचे मणी जास्त आले होते, एवढाच त्याचा अर्थ.

सकाळी सहा वाजता फिती बांधलेल्या ओळींत गेलो. दोन पिशव्या घेतल्या. फीत नसलेल्या घडांची एक, फीत असलेल्या घडांची दुसरी.

पहिली पिशवी : २३.० ब्रिक्स, सामू ३.४२, आम्लता ६.८.

दुसरी पिशवी : १७.५ ब्रिक्स, सामू ३.१२, आम्लता ११.२.

साठ-चाळीसच्या प्रमाणात एकत्र केल्या की गोडी येते बरोबर २०.८ आणि आम्लता ८.६. माझी सरासरी खरी होती. फक्त ती ज्यांची सरासरी होती, ते दोन वेगळे माल होते. एक कालच काढायला हवा होता आणि दुसऱ्याला अजून अडीच-तीन आठवडे लागणार होते.

काय करायचं

मी दोन्ही पिशव्यांचा रस दोन पेल्यांत ओतून मालकीणबाई आणि वाइनमेकर यांच्यासमोर ठेवला. चव घेतल्यावर कुणाला आकडे विचारावे लागले नाहीत.

रस्ते तीन होते. सरासरी २२.५ होईपर्यंत थांबायचं, हा पहिला. तोपर्यंत पुढचे घड २४.५ च्या वर गेले असते, सामू ३.६ च्या आसपास, मणी सुकायला लागलेले, आणि मध्ये तो पाऊस. गच्च घडात मण्यांनी पाणी ओढलं की ते एकमेकांवर दाबून फुटतात, आणि फुटलेल्या मण्यावर करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, बसते. खालच्या खोलगट जागेत ओल सुकायला वेळ लागतो, तिथं तर नक्कीच.

पावसाच्या आधी सगळंच एकदम काढायचं, हा दुसरा रस्ता. त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. टाकीत सगळं एक झालं की गोडी २०.८ होणार, हलकी लाल वाइन होईल, त्यात वाईट काय? गोडीपुरतं हे खरं आहे. रस रसात मिसळतो आणि सरासरी होते. पण लाल वाइन सालीसकट आणि बियांसकट आंबते. हिरव्या बीचा तुरटपणा पिकल्या बीमुळे कमी होत नाही, आणि कमी रंगाची साल शेजारच्या सालीकडून रंग उसना घेत नाही. शिवाय मागच्या घडांतलं जास्तीचं मॅलिक आम्ल पुढं जिवाणूंच्या आंबवणीत लॅक्टिकमध्ये बदललं की आम्लता आणि सामू दोन्ही असे हलतात, की सुरुवातीच्या आकड्यांवरून शेवट सांगता येत नाही.

तिसरा रस्ता दोन तोडींचा. पुढचे घड आत्ता, मागचे नंतर. अडचण एकच, पण मोठी : फिती सहाच ओळींत होत्या.

तिथं पुन्हा तोच जुना माणूस पुढं आला. तो म्हणाला, घडाकडे बघू नका, काडीकडे बघा. पुढच्या फुटीची काडी एव्हाना बुंध्याकडून पिकत येऊन तपकिरी झालेली होती. दुय्यम फुटीची काडी बारीक आणि अजून हिरवी. फिती असलेल्या ओळींत आम्ही ते पडताळून पाहिलं. पन्नास घडांपैकी सत्तेचाळीस बरोबर निघाले. शंका आली तर एक मणी खाऊन बी बघायची : तपकिरी आणि कडकडीत असेल तर तोडायचा, हिरवट चिकट असेल तर ठेवायचा. अशा निवडक तोडीचा वेग आम्ही माणशी तासाला २५ किलो धरला. एरवी तो त्याच्या दुप्पट असतो.

आता खरी ओढाताण मनुष्यबळाची. वरचा तुकडाही २२.१ ला आलेला होता, एकसारखा पिकलेला, साडेसात टन माल. तो पावसाआधी काढायचा तर दीडशे माणूस-तास हवेत. खालच्या दीड टनाला साठ. दोन्ही होणार नव्हतं. मन सांगतं की जास्त माल आधी वाचवावा. मालकीणबाईंनी उलट ठरवलं. वरच्या तुकड्यात जुलैमध्ये घडांभोवतीची पानं काढलेली होती, वारा होता, उतारावरून पाणी निघून जात होतं, तिथले घड पावसानंतर अर्ध्या दिवसात सुकतील. खालचे घड पाऊस सोसणार नाहीत. म्हणून आधी खालचं. सगळ्या हंगामातला हा सगळ्यात अवघड निर्णय होता असं मला वाटतं, कारण तो चुकला असता तर बागेचं मोठं पीक हातचं गेलं असतं.

दोन सकाळी

१९ आणि २० सप्टेंबर. उजाडताच सुरुवात, अकराच्या आत शेवटचं क्रेट सावलीत. घड थंड असले की साल टिकते आणि आंबणं आपल्या हातात राहतं. क्रेटमध्ये दहा-बारा किलोच, म्हणजे खालचे मणी वरच्या वजनानं फुटत नाहीत. दोन सकाळी मिळून १,४८० किलो झाले. पहिल्या तासात प्रत्येकाच्या हातून चुका झाल्या. दुसऱ्या दिवशी हात आपोआप काडी चाचपून मगच कात्री लावत होते.

निवडीच्या टेबलावर साठेक किलो बाजूला निघाले. बाकीचे देठ काढून २,००० लिटरच्या एका उघड्या टाकीत. इथं छोटेपणा कामाला आला. एवढ्या लहान मालाला स्वतंत्र टाकी देणं मोठ्या कारखान्याला परवडलं नसतं. आमच्या टाक्या मुळातच लहान होत्या.

आणखी एक गोष्ट वाइनमेकरनं केली, जिच्यामुळे हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं असं मी मानतो. दोन ओळींतून त्यांनी निवड न करता सरसकट तीन क्रेट तोडून घेतले आणि एका पिंपात वेगळे आंबवायला ठेवले.

पाऊस, आणि त्यानंतर

२१ च्या रात्री सुरू झालेला पाऊस २३ च्या दुपारी थांबला. ३८ मिलिमीटर. वरच्या तुकड्यात २४ ला गोडी २२.६ वरून २१.९ वर आली होती, मणी थोडे फुगलेले, पण फुटलेले अगदी थोडे. दोन दिवस कोरडा वारा वाहिला. २९ ला गोडी २२.८. ती तोड सुरळीत झाली आणि तिथला माल नेहमीच्या दर्जाचा निघाला.

खाली वापसा यायलाच सहा दिवस लागले. मागे राहिलेल्या घडांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यावर करडी बुरशी दिसली. त्यांचे मणी अजून आंबट आणि कडक होते, म्हणून एवढ्यावर निभावलं. पुढचे घड तिथं असते तर काय झालं असतं, हे मोजायला काही उरलं नव्हतं. पण मेणबत्त्यांच्या ओळींत चुकून राहिलेले सात-आठ पुढचे घड मला सापडले, आणि ते सगळेच्या सगळे राखाडी केसाळ बुरशीनं भरलेले होते.

४ ऑक्टोबरला मागच्या घडांची गोडी २०.१, सामू ३.२५. आणखी थांबून फारसं पदरात पडणार नव्हतं, पानं पिवळी पडू लागली होती. सडका भाग ओळीतच कापून टाकत ६१० किलो काढले. लाल वाइनला ते योग्य नव्हते. बोट्रायटिसमधलं लॅकेझ हे विकर रंग खातं आणि वाइन तपकिरी करतं, आणि सालीसोबत जितका वेळ जाईल तितकं नुकसान वाढतं. म्हणून घड अख्खेच प्रेसमध्ये घालून लगेच रस काढला, सल्फरडाय ऑक्साइडची मात्रा लिटरला ६० मिलिग्रॅम ठेवली (पहिल्या तोडीला ती ४० होती), आणि रोझे, म्हणजे फिकट गुलाबी वाइन, केली. साडेअकरा टक्के अल्कोहोल, चांगली चुणचुणीत आम्लता. ऑगस्टमध्ये जे घड उतरवायचे की नाही यावर वाद झाला, त्यांचंच हे झालं. मालकीणबाईंनी त्या वादाचा उल्लेख पुन्हा केला नाही, वाइनमेकरनंही नाही.

पहिल्या तोडीतून ९०० लिटरच्या आसपास वाइन निघाली, २२८ लिटरची चार पिंपं. आंबवण बारा दिवस चालली, चोथा दिवसातून दोनदा खाली दाबला, अल्कोहोल १३ टक्क्यांच्या थोडं वर. त्यात सांगण्यासारखा अडथळा आला नाही.

त्या तीन क्रेटच्या पिंपाचं काय झालं? मार्चमध्ये आम्ही दोन्ही वाइन शेजारी ठेवून, पेले झाकून, कोणता कुठला हे न सांगता चाखल्या. सहाही जणांनी मिश्र तोडीचा पेला ओळखला. रंग फिका, चव मध्येच पोकळ, आणि शेवटी जिभेच्या कडांना ओढणारा हिरवा तुरटपणा. तरीही मी याला पुरावा म्हणताना जपून म्हणतो. पिंप एकच होतं, आणि एवढा लहान घाणा मोठ्या टाकीइतका तापत नाही, त्यामुळे सालीतून उतरणारा अर्कही वेगळा असतो. फरकातला किती भाग निवडीचा आणि किती भांड्याच्या आकाराचा, हे एका पिंपावरून सांगता येणार नाही.

पुढचा हिवाळा

काढणी झाली म्हणजे फ्रॉस्टचा हिशेब मिटला, असं मला वाटत होतं. डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाच्या काड्या निवडायला गेलो तेव्हा कळलं की तो अजून चालू आहे. उशिरा आलेल्या दुय्यम काड्या शेवटपर्यंत नीट पिकल्याच नव्हत्या. पहिल्या कडक थंडीत त्यांचे शेंडे मेले, आणि आत साठा कमी असल्यानं वसंतात त्यांच्यावर भरवसा ठेवण्यासारखा नव्हता. जिथं तपकिरी काडी मिळाली तिथं ती ठेवली, जिथं नाही तिथं दोन-दोन डोळेच राखले. खालच्या तुकड्यातल्या ३,६०० वेलींपैकी जवळपास चारशे वेलींचा ओलांडा नव्यानं धरावा लागला. म्हणजे पुढच्या वर्षाच्या पिकातही तूट.

छाटणीचा क्रम उलटा केला. आता वरून सुरू करतात आणि खालचा तुकडा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तोही दोन टप्प्यांत : आधी काड्या लांब ठेवून ढोबळ कापणी, मग टोकाचे डोळे फुगू लागले की अंतिम कापणी. वेल टोकाकडून फुटते, त्यामुळे बुंध्याकडचे डोळे काही दिवस मागं राहतात. त्या वसंतात खालचा तुकडा वरच्यानंतर एका दिवसानं फुटला. फ्रॉस्ट त्या वर्षी आलाच नाही, त्यामुळे या बदलानं काही वाचलं असं म्हणता येणार नाही. झाडांच्या रांगेत खालच्या बाजूला तीन ठिकाणी फांद्या छाटून थंड हवेला वाट केली. ओळींमधलं गवत एप्रिलमध्ये आखूड ठेवायला सुरुवात केली, कारण उघडी, ओली, घट्ट जमीन दिवसा ऊब धरते आणि रात्री ती वेलीला देते. आणि शेडच्या भिंतीवरचा तापमापक काढून टाकला. त्याच खिळ्यावर आता खालच्या ओळीतल्या तापमापकाची तार येते.

माझ्या वहीत खालच्या तुकड्याला तेव्हापासून एकाऐवजी दोन रकाने आहेत. ऑगस्टमध्ये पाणी उतरायला लागलं की दहाव्या दिवशी एक फेरी होते, आणि जे घड तेव्हाही हिरवे असतील त्यांना फीत बसते, फ्रॉस्ट आलेला असो वा नसो. त्या दुसऱ्या वर्षी शंभरात सहाच घडांना फीत लागली. दोन्ही रकान्यांतला फरक ०.९ ब्रिक्स आला, तेव्हा तो तुकडा एकाच सकाळी काढला.